पूजेतले अकरा स्टड

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळपासून डोकं फिरलंय. पूजा कंपनीची, झाडलोट माझी. रांगोळी माझी. नारळ आणायला विसरले देवरे साहेब, आणि "कुंदाताई, नारळ कुठाय?" हे मलाच. गाड्यांचे फायबरचे भाग बनवणाऱ्या अंबडच्या या शेडमध्ये एकवीस वर्षं झाली. पण दसरा आला की मी आधी बाई, मग कामगार.

सलीमभाई नेहमीसारखे झेंडूच्या माळा घेऊन आले. दरवर्षी तेच आणतात, पहाटे फुलबाजारात जाऊन. माळा बांधतात, प्रसाद खातात आणि आपला ग्राइंडर पुसत बसतात. मोल्डमधून निघालेलं पॅनेल घासायचं काम त्यांचं. त्या घासलेल्या जागेवर ग्लूने स्टड चिकटवायचं काम माझं. आमच्या दोघांच्या कामावर गाडीचं बॉनेट टिकतं, नाव मात्र पेंटरचं होतं.

मंदाला झापलं. मोल्डमध्ये फायबरची मॅट अंथरते ती, अंगाला फायबरची खाज येते, म्हणून हाताला खोबरेल चोपडून आली आणि सरळ माझ्या टेबलाला टेकली. तेलाचं बोट लागलं की ग्लू धरत नाही, हे किती वेळा सांगायचं? म्हणे, "ताई, लय खाज सुटती ओ." सुटू दे. माझ्या टेबलापासून चार हात लांब सुटू दे.

यंदा ताटात नट-बोल्टऐवजी स्टड. मागच्या दसऱ्यापर्यंत आम्ही भोक पाडून आरपार बोल्ट मारायचो. आता बोल्टचं डोकं बाहेरून दिसलेलं गाडीवाल्यांना, म्हणजे आमचा माल घेणाऱ्या कंपनीला, चालत नाही, म्हणून आतून चिकटवायचे स्टड. खाली भोकाभोकांची चकती, वर आटे. अकरा घेतले, चमकावेत म्हणून तेलाचा हात फिरवला, कुंकू लावलं. सुंदर दिसत होते. देवरे साहेब म्हणाले, वडिलांपासूनची रीत आहे, पूजेतला माल पहिल्या गाडीला, समोरच्या बाजूला लावायचा. (देवरे साहेब आजपासून दे.सा. नारळ विसरणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायला मला वेळ नाही.)

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लाइट दोनदा गेली. कंप्रेसर बंद, फॅन बंद, दे.सा.चं तोंड तेवढं चालू.

बॉनेट १४१ आणि १४२ झाली. आतल्या बाजूला मार्करने नंबर घातले. पूजेतले चार-चार स्टड दोन्हींना समोर, लॉकच्या पट्टीला. मान त्यांचा. उरलेले तीन देवीच्या फोटोखाली डबीत ठेवले. बिजागरीचे सगळे स्टड नेहमीसारखे अ‍ॅसिटोनने पुसून लावले. पूजेचे तसेच लावले, देवीचं कुंकू कोण पुसणार.

सलीमभाई मधेच टेबलाजवळ येऊन उभे राहिले. काही तरी बोलायचं होतं बहुतेक. मी म्हटलं, काय? म्हणाले, काही नाही ताई. आणि गेले. कामाच्या वेळेत असं उगाच उभं राहिलेलं मला खपत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

१४१ उडालं.

वणीच्या रस्त्यावर, चालत्या गाडीचं. लॉकची पट्टी सुटली, बॉनेट वाऱ्याने उघडलं आणि सरळ काचेवर आदळलं. चालवणाऱ्याला समोरचं दिसेना, गाडी रस्त्याखाली गेली. कपाळाला टाके पडले. बाकी वाचला.

दे.सा. चिडले की सटाण्याची अहिराणी बाहेर येते. "हाई कोनी करं?" सगळ्यांना गोळा करून विचारत होते. मग माझ्याकडे वळून, "स्टड तुमचेच ना, कुंदाताई?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षांत एक स्टड सुटलेला नाही... म्हणजे स्टड आता आता आलेत, पण एक बोल्टसुद्धा नाही. मी म्हटलं, नोझलमधला पहिला ग्लू मी फेकून देते. स्टड पुसल्याशिवाय लावत नाही. चोवीस तास कोणाला बोट लावू देत नाही. माझ्या हातून नाही हे. घासलंय का नीट, ते बघा.

घासलंय का नीट, ते बघा. एवढंच बोलले. सगळ्यांच्या माना सलीमभाईंकडे वळल्या.

त्यांनी मास्क खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, परत मास्क वर केला. ज्याचं काम चोख असतं तो बोलतो. मी बोलले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सलीमभाईंना दे.सा.नी घरी पाठवलं. उद्यापासून येऊ नका. तीस वर्षांच्या माणसाला दोन मिनिटांत.

मला काय वाटतं? राग येतो. दे.सा.चा येतो, पण त्याहून जास्त सलीमभाईंचा. मी असते तर शेड डोक्यावर घेतली असती. हे आपले ड्रॉवर रिकामा करतायत, पॉलिश पेपरचे कापलेले तुकडे नीट रचून ठेवतायत. जाताना त्यांचा लाकडी ठोकळा माझ्या टेबलावर ठेवला. ज्याला पेपर गुंडाळून घासतात तो. "नवीन जो येईल त्याला द्या ताई. हाताला बरा आहे." एवढ्या थंडपणे कसं बोलतात लोक?

मंदा डबा खाताना म्हणाली, "तुमी बोलल्या म्हनून गेलं त्ये." मी म्हटलं, मी खरं बोलले. म्हणाली, "हां." तिच्या त्या हांचा दिवसभर संताप आला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडीवाल्यांना लेखी उत्तर गेलं. त्याशिवाय ते बॉनेट परत देत नाहीत म्हणे. दे.सा.नी टाइप करून आणलं. स्टड बसवण्याचे काम पद्धतीनुसार झाले आहे. पॅनेल घासण्यात हलगर्जी झाल्याचे आढळले. संबंधित कामगारास कमी करण्यात आले आहे. खाली माझी सही, तपासणी करणारी म्हणून.

मी म्हटलं, बॉनेट बघितल्याशिवाय आढळलं कसं? दे.सा. म्हणाले, "तुम्हीच सांगितलं ना?"

सही केली. पेन इतकं दाबून धरलं होतं की खालच्या कागदावरही उमटली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सुट्टी

आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून पहिली पाळी करून आले. चहा घेताना म्हणाले, "सलीमभाईंनी आपल्या मिक्सरचं भांडं चिकटवून दिलं होतं ना? किती वर्षं झाली?" मी म्हटलं, मग? म्हणाले, "काही नाही. सुटलं नाही अजून."

दिवसभर यांच्याशी बोलले नाही. मिक्सर कट्ट्यावरून उचलून कपाटात ठेवला. संध्याकाळी चटणीसाठी परत काढावा लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घासायला कोणी मिळालेलं नाही. दे.सा. म्हणतात, तोवर तुम्हीच बघा. म्हणजे घासायचं मी, चिकटवायचं मी, आणि उडालं की सही पण मीच.

तीन बॉनेटं घासली. खांदा गेलाय. मोल्डमधून निघालेल्या फायबरवर मेणाचा हात असतो, तो दिसत नाही, पण तो पुरता गेल्याशिवाय त्याच्यावर काहीही चिकटत नाही. मला वाटायचं, काय घासायचं असतं एवढं. पेपर फिरवला की झालं. पहिल्या बॉनेटवर मी पाणी शिंपडून बघितलं, सलीमभाई शिंपडायचे तसं. पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन थांबलं. म्हणजे मेण आहे. परत घासलं. परत थेंब. चौथ्या वेळी पाणी सपाट पसरलं.

एवढी वर्षं शेजारी उभी राहून बघितलंय. पाणी पसरल्याशिवाय एक पॅनेल त्यांनी माझ्याकडे सरकवलं नाही. एकसुद्धा. ३ ऑक्टोबरला लाइट नव्हती, कंप्रेसर बंद होता, तेव्हाही पाण्याचा मग घेऊन...

असेल. एखाद्या दिवशी चुकतो माणूस. त्यांचा ठोकळा हातात खरंच बरा बसतो, याचाही राग आला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

१४१ परत आलं.

टेम्पोतून उतरवलं तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, आता सगळ्यांना दाखवते. पॅनेल घासलेलं नसेल तर सुटताना ग्लू स्टडबरोबर निघून येतो आणि फायबर खाली काचेसारखं गुळगुळीत दिसतं. दे.सा.ना हाक मारणार होते. मंदाला तर नक्कीच.

बॉनेट उलटं केलं. लॉकच्या जागी ग्लू जिथल्या तिथे होता. चारही जागी. फायबरला असा घट्ट की नखाने निघेना, पान्याच्या टोकाने निघेना. स्टड तेवढे निघून गेलेले. ग्लूमध्ये चकतीचा ठसा स्वच्छ उमटलेला, भोकांतून वर आलेल्या ग्लूच्या गाठी तुटलेल्या. त्याच गाठींनी महिनाभर धरून ठेवलं असणार.

आणि ठशात लाल रंग. चारही ठशांत.

वर ताडपत्री टाकली. दे.सा. ऑफिसमधून ओरडले, "काय दिसलं?" मी म्हटलं, अजून नीट बघितलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सुट्टी

हीच वही उलटी चाळली. ३ ऑक्टोबर. "पूजेचे तसेच लावले, देवीचं कुंकू कोण पुसणार." माझं अक्षर. त्याच्या मागच्या पानावर मंदाला झापल्याचं. तेलाचं बोट लागलं की ग्लू धरत नाही. तेही माझंच अक्षर. आणि त्याच दिवशी खाली, चमकावेत म्हणून तेलाचा हात फिरवला.

पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. पण वाटलं.

मला तेल दिसलंच नाही. मंदाच्या हातावरचं दिसलं, माझ्या हातावरचं नाही. ते पूजेचं होतं. पूजेचं तेल म्हणजे तेल, हे एकवीस वर्षं पाना आणि आता ग्लू हातात धरलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही. मागची सगळी वर्षं बोल्टला तेल-कुंकू लावलं तरी काही बिघडत नव्हतं, आटे कसले की झालं. यंदा चिकटवायचं होतं आणि रीत तीच. शेडमध्ये कुणाला सुचायला हवं होतं तर मलाच.

मूर्ख. मूर्ख बाई.

२३ नोव्हेंबर, रविवार

अजून कुठे तरी वाटत होतं की दुसरं कारण असेल. देवीच्या फोटोखालच्या डबीतले तीन काढले. कुंकू अजून होतं. दोन भंगारातल्या एकाच तुकड्यावर लावले, एक होता तसा, एक अ‍ॅसिटोनने पुसून. तुकडा मी स्वतः घासला होता, पाणी सपाट पसरेपर्यंत. चोवीस तास थांबायचं. तिसरा परत डबीत.

जेवायला बसले नाही. मंदा म्हणाली, "ताई, डोकं दुखतंय का?" तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि बंद केलं. तिलाही नवल वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुसलेला स्टड पान्याने तोडायचा प्रयत्न केला, निघाला तेव्हा फायबरचे धागे उपटून आला. असाच निघायला हवा. न पुसलेल्याला पाना लावला आणि थोडं वळवलं, तसा तो ग्लूतून मोकळा झाला. ठशात लाल.

दोन्ही घेऊन दे.सा.कडे गेले. टेबलावर ठेवले. म्हटलं, घासणं बरोबर होतं. चूक माझी. सलीमभाईंना बोलवा. आणि १४२ रस्त्यावर आहे, तिला हेच चार लावलेत, ती गाडी आधी थांबवा.

दे.सा.नी आधी दार लावलं. मग म्हणाले, "पत्र गेलंय. त्यांनी मान्य केलंय. विषय संपलाय." मी म्हटलं, माणूस मरेल. म्हणाले, "एक सुटलं म्हणजे दुसरं सुटेलच असं आहे का?" मी म्हटलं, चार होते, चारही सुटले. तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "गाडीवाल्यांना काय लिहू? देवीच्या पूजेने बॉनेट उडालं म्हणून? हे बाहेर गेलं तर लोक काय करतील ते कळतंय का? शेड बंद होईल. सलीम गेला, त्याला कुठेही काम मिळेल, चांगला कारागीर आहे."

चांगला कारागीर आहे! मग काढला कशाला?

मी परत तोंड उघडलं, तर दे.सा.चे दोन्ही हात वर. "माले काहीच सांगू नका!"

स्टड उचलून पदराच्या टोकात बांधले आणि बाहेर आले. एवढी चिडले होते की मंदाने दिलेलं पाणी एका घोटात संपवलं आणि ग्लास परत देताना थँक्यू म्हटलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सुटल्यावर वडाळा गावात गेले. सलीमभाईंचं घर दोनदा विचारावं लागलं. इतकी वर्षं त्यांच्या ईदच्या शिरखुर्म्याचा डबा शेडवर खाल्ला, घर बघितलं नव्हतं.

भाभींनी दार उघडलं. ओळखलं असावं, कारण हसल्या नाहीत. पण बसा म्हणाल्या. सलीमभाई आता द्वारकेकडे एका गॅरेजमध्ये गाड्यांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासतात. डोळ्यांच्या कडांना पांढरी धूळ तशीच.

मी उभ्यानेच सांगितलं. पूजेचे स्टड, तेल, कुंकू, १४१चा ग्लू. चूक माझी होती, तुमचं नाव मी घेतलं. एका दमात. सवयीने आवाजही चढलेला, जसं काही चूक त्यांचीच.

ते म्हणाले, "मालूम है ताई."

मला कळेना. काय माहिती आहे?

"त्या दिवशी तुमच्या टेबलाजवळ आलो होतो ना. स्टड लाल दिसले. तेल पण दिसलं."

आणि बोलला नाहीत?

त्यांनी भाभींकडे बघितलं. भाभी आत गेल्या. मग म्हणाले, "देवीचं होतं ते. मी कसं म्हणायचं, पुसा म्हणून?"

माझं डोकंच उठलं. मी म्हटलं, तुम्ही तीस वर्षं माळा आणता. प्रसाद खाता. मी एवढी तुसडी, तरी काम चुकलं की तुम्ही मला शंभर वेळा टोकलंय. नोझल बदला, ग्लू कमी आहे, स्टड वाकडा आहे. तेवढंच नाही सांगता आलं?

"नोझल वेगळं, ताई. हे वेगळं. आणि नंतर सगळ्यांसमोर बोललो असतो तर काय म्हणाले असते? स्वतःची कातडी वाचवायला पूजेवर ढकलतो." डोळ्यांची धूळ पुसत म्हणाले, "म्हणून गेलो. पण चूक झाली माझी पण. तेव्हाच बोलायला हवं होतं. माणसाचं डोकं फुटलं."

त्यांच्या तोंडून चूक हा शब्द आला आणि मला रडू आलं. मला रडलेलं आवडत नाही. भाभींनी चहा आणला, मी घेतला, कपाला धरून बसले.

निघताना मी म्हटलं, परत या कामावर, मी बघते साहेबांकडे. ते म्हणाले, "माझं नंतर. १४२ कुठाय?"

बोलले नाहीत म्हणून मी ज्यांच्यावर पंधरा दिवस जळत होते, त्यांनी पहिलं विचारलं ते हे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दे.सा. बँकेत गेले तेव्हा गाडीवाल्यांच्या स्टोअरला फोन केला. १४२ नांदगावला, एका शाळेतल्या मास्तरांकडे. फोन नंबर मिळाला, लावला. दे.सा.ना विचारलं नाही. विचारून झालं होतं.

मास्तर म्हणाले, "बॉनेट? चांगलं तर हाय बाई. काय खोट नाय त्याला." मी म्हटलं, खोट आहे. मी घातलीय. गाडी सावकाश आणा, वेगात नका आणू. बॉनेट वरून दोरीने बांधा. ते हसले. मी म्हटलं, हसू नका, बांधा. चढ्या आवाजाचा एवढा तरी उपयोग झाला. उद्या येतो म्हणाले.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सुट्टी

मास्तर आले. बॉनेटवर आडवी नायलॉनची दोरी, गाठ नीट. गाडी शेडवर नेणं शक्यच नव्हतं, सलीमभाईंच्या गॅरेजमध्येच घेतली.

बॉनेट वर केलं. मी पहिल्या स्टडला पाना लावला. फिरवायच्या आधीच चकती ग्लूवर हलताना दिसली. दुसरी वळवल्याबरोबर हातात. मास्तर शेजारी उभे होते. आधी काही तरी विनोद करत होते, ते थांबले. म्हणाले, "परवा मनमाडहून आलो याच गाडीतून. पोरी व्हत्या माझ्या संगं. दोघी फुडं बसल्या व्हत्या." मग ते गॅरेजच्या बाहेर जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत.

सलीमभाईंनी जुना ग्लू घासून काढला. ठोकळा मी घरून नेला होता. त्यांनी हातात घेतला, पेपर गुंडाळला. घासून झाल्यावर पाणी शिंपडलं. पाणी सपाट पसरलं. तरीही परत घासलं. मी नवीन स्टड पुसले, एकेक, चकतीच्या दोन्ही बाजूंनी. चार लावले.

मास्तरांना सांगितलं, उद्या अकराच्या आधी गाडीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, सिडकोत मेव्हण्याकडे मुक्काम करतो. एका शब्दाने भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार

रजा टाकली. दे.सा.चे सकाळपासून चार फोन. स्टोअरवाल्याने सांगितलं असणार. उचलले नाहीत.

अकराला गॅरेजवर गेले. पाना सलीमभाईंनी माझ्या हातात दिला. जेवढा जोर होता तेवढा लावला. चारांपैकी एकही हलला नाही. मास्तर बॉनेट दोनदा आपटून बघून निघून गेले. दोरी मात्र डिकीत ठेवली त्यांनी, मी बघितलं.

मग सलीमभाईंना कागद दाखवला. काल हाताने लिहिलाय, दोन प्रती. स्टड पुसले नव्हते, तेल होतं, चूक माझी, घासणं बरोबर होतं, आधीच्या पत्रावरची माझी सही चुकीची. खाली नाव. एक उद्या दे.सा.च्या टेबलावर, एक गाडीवाल्यांना, मी स्वतः नेऊन देणार. नोकरी गेली तर जाईल. काल रात्री यांना तसं सांगितलं, तर हे म्हणाले, मिक्सर आहे, भांडं आहे, चटण्या विकू. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

सलीमभाईंनी कागद दोनदा वाचला. घडी घालून परत दिला. म्हणाले, "साहेबांनी बोलावलं तर येईन."

मी म्हटलं, बोलावतील. मी बोलवायला लावीन.

"येईन ताई. पण एक सांगा. पुढच्या दसऱ्याला ताटातले स्टड लावायच्या आधी पुसा, असं मी म्हणायचं का?"

मी म्हटलं, म्हणायचं. ओरडून म्हणायचं.

"ओरडायचं काम तुमचं." हसले. मग हसू गेलं. "तुम्ही ऐकाल. बाकीचे?"

मी मंदाचं नाव घ्यायला गेले, पेंटरचं घ्यायला गेले, दे.सा.चं तर घेतलंच नाही. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ज्यांच्याबरोबर एवढी वर्षं डबा खाल्ला, ते सगळे. ज्याच्या नावावर हो म्हणून छातीवर हात ठेवावा असा एक सापडला नाही. आणि राग आला, इतका आला की पाना अजून हातात आहे हेही कळलं नाही. पण कुणावर काढायचा तेच समजेना. मीही तर दोन महिन्यांपूर्वी...

सलीमभाईंनी पाना माझ्या हातातून काढून घेतला, पुसला आणि खोक्यात ठेवला.

डबीतला शेवटचा स्टड पर्समध्ये आहे, कुंकवासकट. उद्या कागदाबरोबर तोही दे.सा.पुढे ठेवणार आहे. सगळ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर पुसणार आहे.